ट्यून्ड इनटेक मॅनिफोल्ड

ट्यून्ड इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडरांकडे हवा किंवा हवा-इंधनाचे मिश्रण नेणारा असा नळीसंच, की ज्यातील नळ्यांची लांबी व व्यास हवेतील दाबतरंगांचा लाभ मिळेल अशा बेताने ठरवलेले असतात. त्यामुळे इंजिनाच्या ठरावीक वेगाला सिलिंडरात अधिक हवा भरली जाते व टॉर्क वाढतो. त्यासाठी सुपरचार्जरसारखे वेगळे यंत्र लागत नाही. मात्र एका वेगाला मिळालेला लाभ बहुधा दुसऱ्या वेगाला गमवावा लागतो. जुन्या मोटारींसाठी असे मॅनिफोल्ड स्वतंत्रपणे बनवले जातात, तेव्हा गाडी कोणत्या कामासाठी वापरायची आहे हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी सोडवावा लागतो.

कार्यतत्त्व

शोषण धावेत दट्ट्या खाली जाऊ लागला की अंतर्ग्रहण झडपेजवळचा दाब घटतो. हे विरलन तरंगरूपाने, ध्वनीच्या वेगाने नळीच्या उघड्या टोकाकडे जाते. तेथे परावर्तित होऊन संपीडनाच्या रूपात झडपेकडे परतते. बासरीच्या उघड्या टोकाशीही तरंगांचे असेच परावर्तन होते. बहुतेक इंजिनांत दट्ट्या तळाला पोहोचल्यानंतरही अंतर्ग्रहण झडप काही काळ उघडी राहते. परतणारे संपीडन नेमके या अवधीत पोहोचले, तर दट्ट्या वर येऊ लागला असतानाही आणखी हवा आत ढकलली जाते. ही वेळ चुकली, तर आत आलेली हवा काही प्रमाणात परत फिरते.

नळीतील हवेच्या जडत्वाचाही यात वाटा असतो. अरुंद नळीत हवेचा वेग वाढतो आणि इंजिन सावकाश फिरत असताना सिलिंडर चांगला भरतो. परंतु इंजिनाचा वेग वाढला की तीच नळी अडथळा ठरते.

लांबीचे गणित

शोषणाचा जोर सर्वाधिक असण्याच्या क्षणापासून झडप बंद होत येईपर्यंत क्रँकशाफ्ट साधारण ९० अंश फिरतो, असे ढोबळमानाने धरता येते. मिनिटाला ३,००० फेरे असताना ९० अंशांना ०.००५ सेकंद लागतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. या अवधीत तरंग सुमारे १.७२ मीटर अंतर कापतो. हे अंतर जाण्यायेण्याचे असल्यामुळे नळीची लांबी त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ८६ सेंमी येते. ६,००० फेऱ्यांसाठी हीच लांबी ४३ सेंमी होते. सिलिंडर हेडमधील मार्गही या लांबीत मोजावा लागतो. एवढ्या लांब नळ्या बॉनेटखाली मावत नसतील, तर तरंगाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या परतीचा उपयोग करतात. मात्र प्रत्येक परतीत तरंग क्षीण होत जातो.

क्रायस्लरचे उदाहरण

अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० च्या ३००एफ या मोटारीत ४१३ घनइंची (सुमारे ६.८ लिटर) व्ही-८ इंजिनावर ३० इंच (७६ सेंमी) लांबीच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड दिला. या नळ्या इंजिनावरून आडव्या जात आणि एका बाजूचा कार्ब्युरेटर समोरच्या बाजूच्या सिलिंडरांना मिश्रण पुरवी. या इंजिनाची शक्ती ३७५ अश्वशक्ती होती आणि २,८०० फेऱ्यांना सुमारे ६७१ न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क मिळे. दुसऱ्या, अधिक वेगवान प्रकारात नळ्यांमधील भिंतींचा काही भाग काढून परिणामकारक लांबी १५ इंच केली होती. त्यात शक्ती ४०० अश्वशक्तीपर्यंत वाढली. पण कमाल टॉर्क सुमारे ६३० न्यूटन-मीटरपर्यंत उतरला आणि तो ३,६०० फेऱ्यांना मिळू लागला. लांबी आणि वेग यांतील देवघेव या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते.

जुन्या इंजिनांतील अडचणी

जुन्या इंजिनांत हेडची रचना बदलता येत नसल्याने मॅनिफोल्डला तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ए आणि बी मालिकांतील चार सिलिंडरी इंजिनांत शेजारच्या दोन सिलिंडरांना एकच अंतर्ग्रहण मार्ग आहे. हिंदुस्तान अ‍ॅम्बेसेडरमध्ये दीर्घकाळ वापरले गेलेले १,४८९ घनसेंमीचे इंजिन बी मालिकेचेच होते. १-३-४-२ या ज्वलनक्रमामुळे जोडीतील सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात आणि नंतर दीर्घ विराम येतो. एका सिलिंडराच्या वाट्याची हवा दुसरा ओढून घेतो. अशा इंजिनाला वरील साधे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही.

कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनांत लांब व थंड नळीच्या भिंतींवर इंधन साचते. मूळ मॅनिफोल्डला एक्झॉस्टच्या किंवा गरम पाण्याच्या साहाय्याने उष्णता देण्याची सोय असेल, तर ती काढून टाकल्यास थंडीत इंजिन अडखळते. वेल्डिंगमुळे फ्लँज वाकडी होण्याचा धोका असतो. म्हणून वेल्डिंगनंतर तिचा पृष्ठभाग यंत्रावर पुन्हा सपाट करतात. तेथून हवा गळल्यास मिश्रणातील इंधनाचे प्रमाण घटते, ज्वलन बिघडते आणि इंजिनाला इजा पोहोचू शकते.

लांबीचा अंतिम निर्णय चाचणीनेच होतो. त्यासाठी नळीचे बदलता येणारे तुकडे वापरून डायनॅमोमीटरवर टॉर्क मोजतात. जुनी मोटार पुन्हा मूळ रूपात आणता यावी, यासाठी हेड न कापणे आणि मूळ मॅनिफोल्ड जपून ठेवणे हितावह असते.

पुढील विकास

एकाच लांबीची ही मर्यादा दूर करण्यासाठी नंतरच्या अनेक मोटारींत परिवर्तनीय लांबीचे मॅनिफोल्ड आले. त्यांत कमी वेगाला हवा लांब मार्गाने, तर अधिक वेगाला आखूड मार्गाने जाते.