पासेंडालची सायकलवाट

बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतात ईप्र नावाचे एक पुरातन नगर आहे. मध्ययुगात कापडाच्या व्यापाराने ते भरभराटीस आले. त्याच्या ईशान्येस सुमारे दहा किलोमीटरवर, एका उंचवट्यावर पासेंडाल हे लहानसे खेडे वसले आहे. या दोहोंमधील सायकलमार्ग शेतांच्या आणि दफनभूमींच्या कडेने जातो. झोनबेक गावापुढे तर तो ईप्र-रूसलार या बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागेवरूनच धावतो. बेताच्या गतीने जाणाऱ्यास ही वाट तासाभराची. १९१७ साली मात्र ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांना येथे सुमारे आठ किलोमीटर पुढे सरकण्यास १०३ दिवस लागले.

३१ जुलै १९१७ रोजी लढाईस तोंड लागले. त्यापूर्वीच्या भडिमारात चाळीस लाखांहून अधिक तोफगोळे डागले गेले होते. येथील जमीन चिकणमातीची. पाण्याचा निचरा शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या चरांवर अवलंबून होता. तोफांनी ते चरच उद्ध्वस्त केले आणि ऑगस्टच्या पावसात सारा प्रदेश दलदल झाला. कित्येक जखमी शत्रूच्या गोळीने नव्हे, तर चिखलात बुडून मेले. नोव्हेंबरमध्ये कॅनेडियन तुकड्यांनी पासेंडाल घेतले. मृत, जखमी व बेपत्ता यांची दोन्ही बाजूंची संख्या पाच लाखांच्या आसपास असावी, असा अंदाज केला जातो. एवढी किंमत मोजून मिळवलेली ही भूमी १९१८ च्या एप्रिलमध्ये जर्मन चढाईपुढे अवघ्या काही दिवसांत सोडून द्यावी लागली.

लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची, १ ऑगस्टची तारीख पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या शांतिपत्रावर आहे. युद्धमान राष्ट्रप्रमुखांना उद्देशून लिहिलेल्या त्या पत्रात त्यांनी या युद्धाला निरर्थक नरसंहार म्हटले. शस्त्रकपात, लवादाद्वारे तंटे मिटवणे, बेल्जियमची मुक्तता, असे स्पष्ट प्रस्ताव त्यांनी मांडले. दोस्तांना पोपमहाशय जर्मनधार्जिणे वाटले, तर जर्मनांना दोस्तांचे पक्षपाती. एकाच वेदीवरील भाकर घेणारे कॅथलिक दोन्ही खंदकांत होते. परमगुरूंचे शब्द मात्र दोन्हीकडे परके ठरले.

ईप्रहून झोनबेककडे जाताना फ्रेझेनबर्गचा उंचवटा लागतो. याच परिसरात १६ ऑगस्ट रोजी येशूसंघीय आयरिश धर्मगुरू फादर विल्यम डॉइल जखमींच्या सेवेत असताना तोफगोळ्याने ठार झाले. त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. त्यांचा देह आजतागायत सापडलेला नाही. पुढे टाइन कॉट दफनभूमीच्या भिंतीवर सुमारे ३५ हजार बेपत्तांची नावे कोरलेली आहेत. त्यांत फादर डॉइल यांचेही नाव आहे. तेथे सुमारे १२ हजार थडगी असून त्यांतील आठ हजारांहून अधिक अनामिकांची आहेत. त्यांची नावे केवळ परमेश्वरास ठाऊक.

वाट थोडी वाकडी करून लांगेमार्कला जावे. तेथे ४४ हजारांहून अधिक जर्मन सैनिक विसावले आहेत. त्यांपैकी सुमारे २५ हजार एकाच सामायिक कबरीत. शत्रूच्याही आईने पुत्र गमावला होता, हे तेथे कोणी सांगावे लागत नाही. ईप्रच्या मेनिन गेटवर हिंदी सैन्यातील जवानांचीही नावे आहेत. घरापासून हजारो मैलांवर, परक्याच्या भांडणात ते कामी आले.

पासेंडालच्या पलीकडे काही किलोमीटरवर मोर्सलेड हे गाव आहे. तेही या युद्धात उद्ध्वस्त झाले. छोटानागपूरचे प्रेषित फादर कॉन्स्टंट लिव्हन्स १८५६ साली तेथे जन्मले. गावात त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. घोड्यावर स्वार, पण हाती तलवार नसलेला हा वीर! मुंडा व उरांव बांधवांच्या जमिनी जमीनदारांच्या घशात जाऊ नयेत म्हणून ते कायद्याच्या आधारे न्यायालयांत झगडले. क्षयाने पोखरलेला देह घेऊन मायदेशी परतले आणि १८९३ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी निवर्तले.

जमिनीसाठी जीव देण्याचे हे दोन मार्ग एकाच मातीवर शेजारी शेजारी दिसतात. एकाने आठ किलोमीटर चिखल जिंकला आणि गमावला. दुसऱ्याने परक्यांच्या शेतांसाठी स्वतःला झिजवले आणि आदिवासींच्या अंतःकरणात घर केले. फ्लँडर्सचे शेतकरी नांगरताना आजही न फुटलेले तोफगोळे उकरून काढतात. शंभर वर्षांपूर्वी पेरलेला द्वेष अजून पूर्ण वेचून झालेला नाही. पेरताना विचार करावा, एवढेच ती वाट सांगते.