बुलेटची ताकद वाढवताना...

लांब पल्ल्याच्या प्रवासाची हौस असणाऱ्यांमध्ये 'बुलेट'चे स्थान आजही वेगळे आहे. मात्र मागे जोडीदार व सामान घेऊन घाट चढू लागताच जुन्या ३५० सीसी इंजिनाची दमछाक होते आणि ताकद वाढविण्याचा विचार बळावतो. मोठा पिस्टन बसविला की काम झाले, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात एका भागाची क्षमता वाढली की ताण दुसऱ्या भागावर जातो. तो आधीच ओळखला नाही, तर गाडी नेमकी घाटातच बंद पडते.

सीसी आणि अश्वशक्ती

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० व ५०० सीसी या दोन्ही बुलेटमध्ये पिस्टनची धाव (स्ट्रोक) ९० मिलिमीटरच होती. फरक होता तो बोअरचा. ३५० चा बोअर ७० मिलिमीटर, तर ५०० चा ८४ मिलिमीटर. त्यामुळे क्षमता ३४६ वरून ४९९ सीसी, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढली. शक्ती मात्र सुमारे १८ अश्वशक्तीवरून २२ वर, म्हणजे जेमतेम २२ टक्क्यांनी वाढली. इंजिनाचे पोट मोठे झाले, तरी श्वास त्या प्रमाणात वाढला नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण. मोठ्या सिलिंडरला साजेसे कार्ब्युरेटर, व्हॉल्व आणि सायलेन्सर नसतील, तर खर्च वाया जातो.

३५० चे ५०० करताना क्रँककेसचे तोंडही मोठे करून घ्यावे लागते आणि जड पिस्टनसाठी क्रँकचे संतुलन नव्याने साधावे लागते. हे काम अंदाजाने केल्यास हादरे वाढतात.

वेगाची मर्यादा

दुसरा मार्ग म्हणजे इंजिन अधिक फेऱ्यांवर पळविणे. ९० मिलिमीटर धाव असलेल्या इंजिनात मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.५ मीटर होतो. फेऱ्या १० टक्क्यांनी वाढल्या की कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचा ताण २१ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जुन्या बुलेटच्या बिग एंडला रोलर बेअरिंगऐवजी तरंगता बुश होता आणि त्याचे आयुष्य ऑईलच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. म्हणूनच जाणकार मेकॅनिक पिस्टनआधी ऑईल पंप तपासतात.

कॉम्प्रेशन वाढविण्याचा लाभही मर्यादित आहे. प्रमाण ७.२५ वरून ८.५ वर नेले, तर सैद्धांतिक हिशेबाने कार्यक्षमता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. उष्णता मात्र वाढते आणि चढावर इंजिन 'नॉकिंग' करू लागण्याचा धोका असतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हा धोका अधिक गंभीर ठरतो.

उंचीचा प्रश्न

लेहकडे निघालेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खारदुंग ला परिसरात, पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. मैदानात मिळविलेली वाढीव शक्ती तिथे विरून जाते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा विरळ झाल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि प्लग काळा पडतो. उंचीसाठी लहान जेट बसविला, तर उतरल्यावर तो बदलायलाच हवा. अन्यथा मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते व पिस्टन सीझ होऊ शकतो. प्लगचा पांढरा पडलेला रंग ही त्याची पूर्वसूचना होय. फिकट तपकिरी रंग योग्य मिश्रण दर्शवितो.

आधी काय करावे?

पुष्कळदा कमी ताकदीचे कारण जुनाट इंजिनातच असते. कॉम्प्रेशन, व्हॉल्वमधील अंतर, इग्निशन टायमिंग आणि एअर फिल्टर एवढे ठाकठीक केले, तरी हरवलेली शक्ती बरीचशी परत मिळते. घाटासाठी पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करणे हा स्वस्त उपाय आहे. सतराऐवजी सोळा दात घेतल्यास चाकाला मिळणारी ओढ सुमारे ६ टक्क्यांनी वाढते, फक्त त्याच वेगाला इंजिन तेवढेच अधिक फिरते. इंजिन बदललेच, तर क्लच, चेन आणि मुख्य म्हणजे ब्रेक यांचाही विचार व्हावा. जुन्या ड्रम ब्रेकवर वाढीव वेग सोपविणे जिवावर बेतू शकते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. सीसी वाढविल्यास नोंदणीतील क्षमता खोटी ठरते आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

कारखान्याचा धडा

रॉयल एन्फिल्डनेच यातला धडा घालून दिला आहे. २०१६ च्या 'हिमालयन'मध्ये ४११ सीसी व २४.५ अश्वशक्ती होती. २०२३ च्या नव्या हिमालयनमध्ये क्षमता ४५२ सीसी, म्हणजे अवघी १० टक्के अधिक. शक्ती मात्र सुमारे ६० टक्के अधिक. त्यासाठी पाण्याने थंड होणारे, चार व्हॉल्वचे, अधिक फेऱ्या सोसणारे इंजिन आणि सहा गिअर अशी सगळी रचनाच नव्याने करावी लागली. एकच भाग बदलून हे साधत नाही, हे ओळखूनच गॅरेजची पायरी चढावी.