मल्हार : भंडाऱ्यातून आलेलं नाव

‘मल्हार’ हे नाव जेजुरीच्या खंडोबाचं. मूळ शब्द मल्लारि, म्हणजे मल्लाचा अरी, मल्लाचा शत्रू. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळलं, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेऊन त्यांचा वध केला, अशी ‘मल्हारी माहात्म्या’तली कथा. मरताना मल्लाने वर मागितला की देवाच्या नावाआधी माझं नाव यावं. देवाने तो दिला. म्हणून ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत भंडारा उधळताना जयजयकार देवाचा होतो आणि आधी नाव निघतं ते हरलेल्या वैऱ्याचं. शरण आलेल्याला आपल्या नावातच जागा देणारं दैवत आणखी कुठे सापडेल?

खंडोबा धनगरांचा, तसाच मराठ्यांचा, रामोशांचा, देशस्थ ब्राह्मणांचाही कुलस्वामी. त्यामुळे मल्हार, मल्हारी, खंडेराव, मार्तंड ही नावं एका जातीत अडकली नाहीत. कर्नाटकात हाच देव मैलार, तर आंध्र-तेलंगणात मल्लण्णा.

या नावाला इतिहासात उंची दिली मल्हारराव होळकरांनी. 1693 साली धनगर कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पेशव्यांचा मातब्बर सरदार झाला आणि माळव्यात त्याने राज्य उभं केलं. मुलाचं नाव त्यांनी खंडेराव ठेवलं, म्हणजे बापलेक दोघेही एकाच देवाच्या नावाचे. खंडेराव 1754 साली कुंभेरच्या वेढ्यात पडले. पुढे त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंनी राज्य सांभाळलं. इंदूरच्या टांकसाळीच्या नाण्यांवर गावाचं नाव ‘मल्हारनगर’ असं उमटलं. इकडे सासवडजवळ पानशांनी बांधलेला, मराठेशाहीतला शेवटचा मानला जाणारा किल्लाही मल्हारगडच.

मधल्या काळात हे नाव जुन्या वळणाचं वाटू लागलं होतं. आता ते शहरी घरांतल्या बारशांत पुन्हा ऐकू येतं. त्याला दोन वाटा आहेत. एक पावसाळी रागाची. मेघमल्हार, मियाँ मल्हार यांच्या ओढीने ठेवलेलं नाव. दुसरी ‘जय मल्हार’ या मालिकेची. 2014पासून तिने खंडोबाची कथा घरोघर पोचवली.

रागावरून ठेवलेलं नावही गोडच आहे. पण घरात मल्हार असेल तर त्याला मल्लाची गोष्ट जरूर सांगावी. आपल्या नावात आधी वैरी आहे आणि मग देव, हे त्याला लहानपणीच कळलं, तर जिंकल्यावर कसं वागायचं हेही त्याला कळेल.