घाटातली जकात

मुरबाड-टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या पुढे गेलं, की नाणेघाटाची पायवाट लागते. पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीची तरुण मंडळी तिथे लोटतात. माथ्यावरच्या दगडी रांजणाशी फोटो काढताना कुणीतरी सांगतंच: यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट.

गोष्ट झकास आहे. पण माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे हजारोंचे आकडे असूनही पैशाला शब्द आहे ‘काहापण’, म्हणजे कार्षापण. ‘नाणक’ मागाहून रुळला. कुषाणांच्या नाण्यांवरच्या नना देवीवरून तो आला, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यात शेजारच्या सुळक्याला म्हणतात नानाचा अंगठा, आणि इंग्रजांच्या लेखी घाटही ‘नाना’च. नाणं की नाना, याचा निकाल लावायची मला घाई नाही.

कारण जकात शोधायचीच, तर ती ‘घाट’ या शब्दात सापडते. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठचा धक्का, उतार. आणि ‘घट्टकुटी’ म्हणजे चक्क जकातनाकं. ‘घट्टकुटीप्रभात’ नावाचा न्यायच आहे: जकात चुकवायला गाडीवान रात्रभर आडवाटेने भटकतो आणि उजाडतं तेव्हा नेमका नाक्यापुढे उभा असतो. (टोलनाकं टाळू पाहणाऱ्यांनी हा न्याय पाठ करावा.) हा नदीकाठचा शब्द आपल्याकडे डोंगरावर चढला, इंग्रजांनी अख्ख्या सह्याद्रीला लावला, आणि मुंबईत ‘घाटी’ म्हणून हिणवायलाही कामी आला.

जकात कोणी घ्यायची, यावरून मात्र इथे राज्यं भांडली. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की या घाटाखालचं कल्याण पूर्वी राजरोस व्यापाराचं बंदर होतं. सत्ता पालटली आणि तिथे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या ओढाताणीत बंदर आणि घाट दोन्ही सापडले होते. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवलं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची १३,००० हून अधिक नाणी मिळाली. सगळी मूळची नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर, न वितळवता, त्याच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्राचा ठसा मारलेला.