अमेरिका–इराक सैन्यमाघार करार (२००८)

अमेरिका–इराक सैन्यमाघार करार हा इराकमधील अमेरिकी सैन्याची माघार आणि तोपर्यंतच्या त्याच्या तात्पुरत्या वास्तव्याचे नियम ठरवणारा द्विपक्षीय करार होता. १७ नोव्हेंबर २००८ रोजी बगदाद येथे इराकचे परराष्ट्रमंत्री होशियार झेबारी आणि अमेरिकेचे राजदूत रायन क्रॉकर यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. १ जानेवारी २००९ रोजी तो अमलात आला व ३१ डिसेंबर २०११ रोजी त्याची मुदत संपली. परदेशी सैन्याचा दर्जा ठरवणाऱ्या अशा करारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'सोफा करार' या नावानेही ओळखला जातो. इराकी संसदेने या करारावर जनतेचे सार्वमत घेण्याची तरतूद केली होती; मात्र ते सार्वमत कधीच झाले नाही. त्यामुळे परकीय सैन्याने देश केव्हा सोडावा हे सरकारने ठरवावे, संसदेने ठरवावे की थेट जनतेने, या वादात या कराराचा वारंवार उल्लेख होतो.

पार्श्वभूमी

२० मार्च २००३ रोजी अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांनी इराकवर आक्रमण केले आणि एप्रिलमध्ये सद्दाम हुसेन यांची राजवट कोसळली. २२ मे २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १४८३ द्वारे अमेरिका व ब्रिटन यांना इराकचा ताबा असलेल्या सत्ता म्हणून मान्यता दिली. ताबा घेणाऱ्या सत्तेची कर्तव्ये १९०७ च्या हेग नियमावलीत व १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात दिलेली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था राखणे, शक्य तेथवर देशात आधीपासून असलेले कायदे पाळणे व नागरिकांचे रक्षण करणे ही त्यांतील प्रमुख होत. ताबा किती काळ चालावा किंवा तो संपवण्याचा निर्णय कोणी घ्यावा, यासाठी मात्र या दस्तऐवजांत कोणतीही ठरावीक प्रक्रिया सांगितलेली नाही.

८ जून २००४ च्या ठराव क्रमांक १५४६ ने ताबा संपुष्टात आणण्यास संमती दिली आणि २८ जून २००४ रोजी अंतरिम इराकी सरकारकडे सत्ता सोपवण्यात आली. कायद्याच्या भाषेत ताबा संपला, परंतु सैन्य तेथेच राहिले. आता ते 'बहुराष्ट्रीय फौज' या नावाने आणि सुरक्षा परिषदेच्या अनुमतीने राहत होते. इराकी सरकारने विनंती केल्यास ही अनुमती संपेल, असे ठरावातच नमूद होते. पुढे दरवर्षी अनुमतीची मुदत वाढवण्यात आली. ठराव क्रमांक १७९० ने ती अखेरची म्हणून ३१ डिसेंबर २००८ पर्यंत वाढवली.

लोकमत आणि संसद

या काळात सरकार, संसद व जनता यांच्या भूमिकांत अंतर पडत गेले. सप्टेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी जनमत चाचणीत दर दहापैकी सुमारे सात इराकींनी परकीय सैन्याने एका वर्षाच्या आत परत जावे, असे मत दिले. कुर्द प्रतिसादकांचा कल मात्र वेगळा होता. २००७ च्या मे महिन्यात २७५ पैकी १४४ संसद सदस्यांनी माघारीचे वेळापत्रक मागणाऱ्या मसुद्यावर स्वाक्षऱ्या केल्या. जूनमध्ये संसदेने असा ठराव संमत केला की, संयुक्त राष्ट्रांकडे मुदतवाढ मागण्यापूर्वी सरकारने संसदेची मान्यता घ्यावी. तरीही त्या वर्षअखेरीस पंतप्रधान नूरी अल-मालिकी यांच्या सरकारने संसदेच्या मान्यतेविना मुदतवाढ मिळवली.

परकीय सैनिक व कंत्राटदार यांना इराकी न्यायालयांपासून मिळालेले संरक्षण हे जनक्षोभाचे दुसरे मोठे कारण होते. ताबा घेणाऱ्या प्रशासनाने काढलेला आदेश क्रमांक १७ सत्तांतरानंतरही लागू राहिला. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादमधील निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक ठार झाले. या आदेशामुळे त्यांच्यावर इराकमध्ये खटला चालवता आला नाही.

वाटाघाटी व तरतुदी

नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश व अल-मालिकी यांनी दीर्घकालीन संबंधांविषयीच्या तत्त्वांचे निवेदन प्रसिद्ध केले आणि २००८ मध्ये प्रत्यक्ष वाटाघाटी झाल्या. माघारीची निश्चित तारीख करारात घालण्याची अट इराकी बाजूने लावून धरली व अखेर ती मान्य झाली. करारातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या :

• ३० जून २००९ पर्यंत अमेरिकेच्या लढाऊ तुकड्यांनी इराकी शहरे, गावे व वस्त्यांमधून बाहेर पडावे. ३१ डिसेंबर २०११ पर्यंत संपूर्ण सैन्याने इराक सोडावा (कलम २४).
• इराक सरकारला कोणत्याही वेळी सैन्य परत नेण्याची विनंती करण्याचा सार्वभौम अधिकार राहील. अमेरिकेलाही कोणत्याही वेळी सैन्य काढून घेता येईल (कलम २४).
• लष्करी मोहिमांना इराकी सरकारची संमती आवश्यक राहील.
• खासगी कंत्राटदार इराकी न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात येतील. सैनिकांबाबत मात्र हा अधिकार तळांबाहेर व कर्तव्यावर नसताना केलेल्या गंभीर, पूर्वनियोजित गुन्ह्यांपुरता मर्यादित राहील (कलम १२).
• इराकची भूमी, जलक्षेत्र व आकाश यांचा वापर इतर देशांवरील हल्ल्यांसाठी केला जाणार नाही (कलम २७).
• कोणत्याही पक्षाने लेखी सूचना दिल्यास एका वर्षाने करार संपेल (कलम ३०).

मंजुरी आणि सार्वमताची तरतूद

इराकी संसदेने २७ नोव्हेंबर २००८ रोजी करार मंजूर केला. उपस्थित १९८ सदस्यांपैकी १४९ जणांनी बाजूने मतदान केले. ४ डिसेंबर रोजी अध्यक्षीय मंडळाने त्यास अंतिम मान्यता दिली. मुक्तदा अल-सद्र यांच्या गटाने तात्काळ माघारीची मागणी करत कराराला विरोध केला. शिया धर्मगुरू आयातुल्ला अली अल-सिस्तानी यांनी अशा कराराला राष्ट्रीय सहमतीचा आधार असावा, अशी भूमिका घेतली. अमेरिकेत हा करार सेनेटच्या मंजुरीसाठी ठेवण्यात आला नाही. तो कार्यकारी करार मानण्यात आला.

संसदेतील सुन्नी गटांनी पाठिंब्याच्या बदल्यात सार्वमताची अट घातली. त्यानुसार ३० जुलै २००९ पर्यंत करारावर देशव्यापी सार्वमत घेण्याची तरतूद करण्यात आली. जनतेने करार फेटाळला असता, तर सरकारला कलम ३० नुसार तो रद्द करण्याची सूचना द्यावी लागली असती आणि अमेरिकी सैन्याला २०१० च्या मध्यापर्यंत, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या सुमारे दीड वर्ष आधी, देश सोडावा लागला असता.

ठरलेल्या मुदतीत सार्वमत झाले नाही. ऑगस्ट २००९ मध्ये मंत्रिमंडळाने ते जानेवारी २०१० मध्ये अपेक्षित असलेल्या संसदीय निवडणुकीसोबत घेण्याचा प्रस्ताव मांडला. निवडणूक प्रत्यक्षात ७ मार्च २०१० रोजी झाली. परंतु त्या दिवशीही सार्वमताची मतपत्रिका मतदारांच्या हाती पडली नाही.

सार्वमताविषयीचे युक्तिवाद

सार्वमताच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचा होता. ज्या सरकारचे रक्षण परकीय सैन्य करते, ते सरकार त्या सैन्याच्या वास्तव्याला देत असलेली संमती कितपत मुक्त मानावी, असा प्रश्न ते उपस्थित करत. ऑक्टोबर २००५ मध्ये युद्धजन्य परिस्थितीतही राज्यघटनेवर सार्वमत झाले होते. त्यामुळे सुरक्षेचे कारण पुरेसे नाही, असेही म्हटले गेले. नागरिकांच्या संमतीने झालेली माघार सशस्त्र गटांचा हिंसाचाराचा दावा दुबळा करील, अशी अपेक्षा त्यामागे होती.

विरोधकांच्या मते सैन्यमाघार हा विषय 'होय' वा 'नाही' या उत्तरात मावणारा नव्हता. तळांचे हस्तांतर, इराकी दलांचे प्रशिक्षण, हवाई क्षेत्राचे नियंत्रण व कैद्यांचा ताबा या बाबी टप्प्याटप्प्यानेच सुटू शकत होत्या. निवडून आलेल्या संसदेने मान्यता दिल्यावर पुन्हा सार्वमताची गरज काय, असाही आक्षेप होता. याखेरीज अल्पसंख्याकांचा प्रश्न होता. कुर्दिस्तान प्रदेशातील मतदारांना अमेरिकी सैन्याचे वास्तव्य संरक्षक वाटत असताना देशभरच्या बहुमताने त्यांच्या सुरक्षेचा निर्णय व्हावा काय, याचे उत्तर सार्वमताच्या प्रक्रियेत नव्हते.

माघार

३० जून २००९ रोजी लढाऊ तुकड्या शहरांबाहेर गेल्या. इराक सरकारने हा दिवस 'राष्ट्रीय सार्वभौमत्व दिन' म्हणून साजरा केला. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ३१ ऑगस्ट २०१० रोजी लढाऊ मोहीम समाप्त केली. २०११ मध्ये काही सैन्य प्रशिक्षणासाठी ठेवण्याबाबत बोलणी झाली. परंतु सैनिकांना इराकी न्यायालयांपासून संरक्षण देण्यास इराकी नेते तयार न झाल्याने ती फिसकटली. १८ डिसेंबर २०११ रोजी शेवटचा लष्करी ताफा सीमा ओलांडून कुवेतमध्ये गेला. अशा रीतीने थेट मतदान न होताही जनमताचा दबाव निर्णायक ठरला, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते हा दोन्ही सरकारांच्या अंतर्गत राजकारणाचा परिणाम होता.

नंतरच्या घडामोडी

जून २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट' या संघटनेने मोसूल शहर जिंकल्यावर इराक सरकारच्या विनंतीवरून अमेरिकी सैनिक पुन्हा इराकमध्ये आले. या वेळी संसदेने मंजूर केलेला वेगळा करार नव्हता. ३ जानेवारी २०२० रोजी बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेच्या हल्ल्यात इराणचे सेनाधिकारी कासेम सुलेमानी व इराकी नेते अबू महदी अल-मुहंदिस ठार झाले. दोन दिवसांनी इराकी संसदेने परकीय सैन्य हटवण्याची मागणी करणारा, सरकारवर बंधनकारक नसलेला ठराव संमत केला. कुर्द आणि बहुतेक सुन्नी सदस्य या वेळी अनुपस्थित होते. त्यानंतरही सैन्य राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही सरकारांनी आंतरराष्ट्रीय आघाडीची मोहीम टप्प्याटप्प्याने संपवण्याचे वेळापत्रक जाहीर केले.

तुलनात्मक उदाहरणे

परकीय सैन्याच्या माघारीवर प्रत्यक्ष सार्वमत झाल्याचे ठळक उदाहरण लिथुआनियाचे आहे. १४ जून १९९२ रोजी तेथील मतदारांनी माजी सोव्हिएत सैन्याच्या विनाअट माघारीच्या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रशियाशी वेळापत्रक ठरले आणि ३१ ऑगस्ट १९९३ रोजी माघार पूर्ण झाली. फिलिपाइन्समध्ये हा निर्णय लोकप्रतिनिधींनी घेतला. १६ सप्टेंबर १९९१ रोजी तेथील सेनेटने अमेरिकी तळांविषयीचा नवा तह १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला आणि पुढील वर्षी नोव्हेंबरमध्ये सुबिक बे येथील नाविक तळ रिकामा झाला. फिलिपाइन्स त्या वेळी व्याप्त देश नव्हता. या दोन्ही उदाहरणांत सैन्य राखणाऱ्या देशाने निर्णय मान्य केला, हे इराकशी तुलना करताना लक्षात घ्यावे लागते. मतदान हे इच्छेची नोंद करते. तिची अंमलबजावणी मात्र दुसऱ्या पक्षाच्या वर्तनावरही अवलंबून राहते.