परळची सर्पगंधा आणि पुढची गुंगी

दुर्बिणीने पोट तपासायचे ठरले की रोग्याचा पहिला प्रश्न असतो, "गुंगी देणार ना?" कोणती गुंगी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही, आणि गोम तर तिथेच आहे.

माणसाला शांत करणाऱ्या औषधांच्या इतिहासात मुंबईचे एक मानाचे पान आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे गुण लिहून प्रसिद्ध केले, पण बाहेरच्या जगाने ते मनावर घेतले नाही. ते घ्यायला लावले परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी. रक्तदाबाच्या रोग्यांवरचा आपला अनुभव त्यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

पण ही मुळी सावकाश चालणारी. गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि कित्येकांचे मन उदास होते. दुर्बिणीच्या दहा मिनिटांना ती काय कामाची?

दुर्बिणीचीही गंमत ऐका. १८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल यांनी ताठ नळी पोटात घातली ती तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्याच्या! १९३२ मध्ये शिंडलर यांनी तिचा काही भाग वाकता केला आणि १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची मऊ नळी आणली. नळी सुधारली, तसे औषधही झटपट चढणारे नि झटपट उतरणारे हवे झाले.

१९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आले. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे शिरेत टोचताना आग होते. शिवाय अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो. परळला तपासून घेऊन दादरहून गावची गाडी धरणाऱ्याची केवढी पंचाईत! पुढे आलेल्या मिडाझोलामने हे दोन्ही दोष बरेच दूर केले. मात्र कळ थांबवणे दोघांनाही जमत नाही. म्हणून जोडीला पेथिडीन किंवा फेंटानिल देतात, आणि ही जोडी श्वास मंदावते. १९८६ मध्ये प्रोपोफोल आले, दुधासारखे पांढरे. मिनिटाभरात झोप, थोड्याच मिनिटांत जाग. गुणात ते सरस खरे. पण मिडाझोलामला फ्लुमाझेनिलचा उतारा आहे, प्रोपोफोलला उतारा नाही. श्वासावर नजर ठेवणारा जाणता माणूस शेजारी नसेल तर ते नकोच, असे माझे मत. मी इतिहासाचा माणूस, तरी मला या औषधांहून अधिक कौतुक वाटते ते बोटाला लावायच्या चिमट्याचे. रक्तातला प्राणवायू मोजण्याची ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ च्या सुमारास काढली.

वरची तपासणी तर अनेक ठिकाणी घशात बधिरतेचा फवारा मारूनच उरकतात. गुंगी घेतलीच, तर सोबतीला घरचे माणूस हवे. मिडाझोलामनंतर रोगी डोळे उघडतो, नीट बोलतो, डॉक्टरांना होकारही देतो, आणि तासाभराने त्यातले काहीच त्याला आठवत नाही. औषधे कशी घ्यायची, हे त्या सोबत्यालाच सांगावे लागते.