जनसंपर्काचं दाब कलम

सासवडला आत्याच्या अंगणात मोगरा होता. पावसाळ्याच्या तोंडाशी ती त्याची एखादी लवचीक फांदी निवडायची. डोळ्याच्या खालून चाकूनं अर्धवट काप द्यायची, तेवढाच भाग वाकवून शेणखत घातलेल्या मातीत दाबायची आणि वर वीट ठेवायची. शेंडा मातीबाहेर आणि बुडखा अजून मूळ झाडालाच. मला कापायची घाई. ती म्हणायची, "थांब रे, आईच्या अंगावर पितंय ते अजून." मुळं धरली, नवी पालवी फुटली, की मगच ती फांदी आईपासून तोडायची. याला दाब कलम म्हणतात.

जगभर कचेऱ्या असलेल्या जनसंपर्क संस्थांचा धंदा ज्या शब्दाच्या पोटी जन्मला, तो शब्द या दाब कलमावरून आला आहे. लॅटिन कोश चाळताना ही गोष्ट हाती लागली आणि तेव्हापासून त्या धंद्याकडे पाहिलं की मला आत्याची वीट दिसते.

द्राक्षवेलीच्या अशा दाबलेल्या फांदीला लॅटिनमध्ये 'प्रोपागो' म्हणत. त्यावरून 'प्रोपागारे', म्हणजे कलमं करून बाग वाढवणं. आणि 'प्रोपागांडा', म्हणजे जे वाढवायचं आहे ते. यावर एक आक्षेप येतो. 'प्रोपागो'चा अर्थ वंश, संतती असाही होतो. मग मूळ अर्थ नुसता 'पुढे वाढवणं' एवढाच असेल आणि वेल नंतर त्यात आली असेल. मला हे पटत नाही. लॅटिन गद्यातलं आज पूर्ण हाती असलेलं सर्वांत जुनं पुस्तक कॅटोचं आहे, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातलं, आणि ते शेतीवरचं आहे. त्यात हा शब्द येतो तो झाडांच्या कलमांसाठीच, आणि कृती आत्याचीच: फांदी जमिनीत दाबा, शेंडा वर ठेवा, मुळं धरली की काढून दुसरीकडे लावा. फ्रेंच द्राक्षबागांत दाबलेल्या वेलीला 'प्रोव्हँ' म्हणतात, तोही याच शब्दाचा नातू. शब्द वंशापर्यंत पोचला तो बागेतूनच, जसा आपला 'वंश' बांबूच्या बेटातून आला.

पुढचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी कार्डिनलांचं एक मंडळ नेमलं, 'प्रोपागांडा फीदे' या नावाचं. त्याचं काम मात्र बारकाईनं पाहण्यासारखं आहे. चार वर्षांत मंडळानं अनेक लिप्यांचे खिळे पाडणारा छापखाना उघडला आणि १६२७ मध्ये परदेशी मुलांना घडवणारं महाविद्यालय सुरू झालं. रोममधून माणसं पाठवायची एवढंच धोरण नव्हतं. तिथल्याच माणसाला रोममध्ये रुजवायचं आणि परत त्याच्या मातीत लावायचं.

हे कलम आपल्या दारातही लागलं. मातेउस द कास्त्रो हा गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला. पोर्तुगीज धर्मसत्तेनं गोव्यात त्याला पाद्री होऊ दिलं नाही. तो खुश्कीच्या मार्गानं रोमला गेला. 'प्रोपागांडा'च्या आश्रयानं शिकून १६३० मध्ये पाद्री झाला, १६३७ मध्ये बिशप झाला आणि आदिलशाही मुलखाची जबाबदारी घेऊन परतला. डिचोलीला, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर पण त्यांच्या नाकासमोर, त्यानं ठाण मांडलं. मुख्यालय दूर, पैसा आणि अधिकार तिथून, पण भाषा आणि माणूस इथला. जागतिक संस्थेच्या शाखेची हीच रचना आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि 'प्रोपागांडा' शब्द नासला. मराठीत 'प्रचार' चांगला राहिला, वाईटाला आपण 'अप' जोडून 'अपप्रचार' केला. इंग्रजीनं मात्र मूळ शब्दालाच बट्टा लावून घेतला. एडवर्ड बर्नेज हा फ्रॉइडचा भाचा. युद्धात अमेरिकेच्या सरकारी प्रचारखात्यात काम केलेला. तेच तंत्र शांततेत वापरता येईल हे त्यानं हेरलं. पण जर्मनांमुळे तो शब्द बदनाम झालाय, म्हणून दुसरा शोधला, असं त्यानंच पुढे सांगितलं. तो दुसरा शब्द म्हणजे 'पब्लिक रिलेशन्स'. शब्द त्याच्या आधीही वापरात होता, पण धंद्याच्या पाटीवर तो ठसवला बर्नेजनं.

या कुळीला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. पुष्कळ लोक मूळपुरुष मानतात आयव्ही ली याला. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ आगगाडी पुलावरून पाण्यात पडली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि लीनं रेल्वेच्या वतीनं वार्ताहरांना लेखी निवेदन दिलं. प्रसिद्धीपत्रकाचा जन्म तिथला, हे कबूल. पण प्रसिद्धीपत्रक ही पेरणी आहे. मुठीनं बी फोकायचं, उगवेल तिथे उगवेल. इंग्रजीतला 'ब्रॉडकास्ट'सुद्धा मुळात फोकून पेरणंच. जागतिक संस्था फोकत नाही, फांदी दाबते.

१९२७ मध्ये क्लीव्हलँडला जॉन हिलनं सुरू केलेली, पुढे हिल अँड नोल्टन झालेली संस्था आणि १९५३ ची बर्सन-मार्स्टेलर या दोन्ही अशाच देशोदेशी वाढल्या. भारतात मात्र माझी उपमा अडखळते. बर्सन-मार्स्टेलरनं २००५ मध्ये प्रेमा सागर यांची 'जेनेसिस' ही चालती संस्था विकत घेतली. ते दाब कलम नव्हे, बांधलेलं कलम: खुंट देशी, वरची फांदी परदेशी. पण वाढवायची ती मूळ झाडाचीच जात, म्हणून मी त्याला याच कुळीत धरतो. २०२४ मध्ये या दोन्ही जुन्या संस्था 'बर्सन' या एकाच नावाखाली आल्या.

दाब कलमाचं एक लक्षण कुठलाही माळी सांगेल. बियाचं रोप आईपेक्षा वेगळं निघू शकतं, कलमाचं नाही. फूल तेच, वास तोच, आणि आईच्या अंगात रोग असेल तर तोही. हिल अँड नोल्टननं सिगारेट कंपन्यांसाठी जानेवारी १९५४ मध्ये शेकडो वर्तमानपत्रांत ते जाहीर निवेदन दिलं, ज्यानं तंबाखूच्या धोक्याबद्दल वर्षानुवर्षं शंका जिवंत ठेवली. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडनं बर्सन-मार्स्टेलरला नेमलं. म्हणून एखादं निवेदन आपल्या भाषेत, आपल्या माणसाच्या तोंडून आलं, तरी मला फांदीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावंसं वाटतं. मातेउसनं डिचोलीत स्वतःची मुळं धरली होती. आजच्या कलमांत किती फांद्यांनी ती धरलीत, हे आत्या शेंड्याच्या पालवीवरून ओळखायची नाही. ती वीट उचलून, माती हलक्या हातानं बाजूला करून बघायची.